अन्न दिले, अंश केव्हा देणार?

माघ शुद्ध सप्तमीस, रथसप्तमीच्या दिवशी, आपल्या घरोघरी पाटावर सूर्याचा रथ काढून त्याची पूजा करण्याची चाल आहे. रथास सात घोडे असतात, मध्ये सूर्यनारायण विराजमान असतो, आणि पुढे लगाम हाती घेऊन अरुण बसलेला असतो. या सारथ्याचे दुसरे नाव 'अनूरु' असे आहे; ज्यास मांड्या नाहीत तो अनूरु. महाभारताच्या आदिपर्वात त्याची जन्मकथा आली आहे. विनतेने उतावीळपणे अंडे वेळेपूर्वी फोडले आणि आतील पुत्र कमरेच्या वर पूर्ण व खाली अपूर्ण असा जन्मास आला. पुढे या पुत्राचे काय झाले? त्यास कोणी देवळाच्या पायरीवर बसवून त्याच्या पुढ्यात मूठभर तांदूळ टाकले नाहीत. त्यास काम मिळाले. बसल्या जागेवरून दोन हातांनी जे करता येते असे काम मिळाले. आणि ते तो एक दिवसही न चुकता करीत आहे, अशी आपणां सर्वांची श्रद्धा आहे.

ही कथा आम्ही करमणुकीसाठी सांगत नाही. आमच्या देवस्थानांच्या महाजनांस, विश्वस्तांस व कुळाव्यांस, आणि त्यांच्यापैकी जे दुकानदार, हॉटेलवाले, कारखानदार किंवा पतसंस्थांचे संचालक आहेत त्यांस, आमचा एक रोखठोक प्रश्न आहे. ज्या अपंगास देवाने आपल्या रथावर घेतले, त्यास तुम्ही आपल्या कचेरीत का घेत नाही?

२०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला. तो कित्येक अपंगांस रुचला, कित्येकांस रुचला नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. मात्र एखाद्याच्या अंगास दिव्य म्हणावयाचे आणि त्या माणसास दारातूनच परत पाठवावयाचे, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. म्हणून या लेखापुरता जुना, साधा 'अपंग' हाच शब्द आम्ही वापरीत आहोत.

प्रथम आमचाच दोष कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या समितीच्या बैठकीस आम्ही हजर होतो. पावत्या देणे व हिशेब ठेवणे या कामासाठी एक जागा भरावयाची होती. आलेल्या अर्जांत वाणिज्य शाखेच्या एका अंध पदवीधराचा अर्ज होता. वय अवघे बावीस. वडिलांचा हात धरून तो आला आणि संगणकावर आपण हिशेब कसा मांडतो हे त्याने करून दाखविले. समितीत एकही मनुष्य दुष्ट नव्हता. कित्येकांचे डोळे पाणावले. एकाने त्याच्या जिद्दीची वाखाणणी केली, दुसऱ्याने सूरदासाचे नाव घेतले. अखेर ठरले ते असे की, येत्या जत्रेस शाल, श्रीफळ व काही रोख रक्कम देऊन त्याचा सत्कार करावा. जागा दुसऱ्यास मिळाली. त्या मुलाने सत्कार नाकारला. 'मी सत्कारासाठी अर्ज केला नव्हता' एवढेच तो म्हणाला आणि वडिलांचा हात धरून पायऱ्या उतरून गेला. त्या बैठकीत आम्ही तोंड उघडले नाही. आज उघडतो आहोत, ते त्या मौनाची टोचणी अजून गेलेली नाही म्हणून.

त्या समितीतील सज्जनांनी जे केले त्याचे मूळ फार जुने आहे. मनू व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत जन्मांध, बधिर, पंगू, जड, उन्मत्त अशांस वडिलार्जित संपत्तीत वाटा नाही, मात्र त्यांचे पोषण कुटुंबाने केलेच पाहिजे, असे सांगितले आहे. ते 'अनंश' होत, म्हणजे वाट्यावाचूनचे. आणि तेच 'भर्तव्य' होत, म्हणजे पोसावयाचे. त्या काळी पोषणाचे बंधन घालणे ही लहान गोष्ट नव्हती, हे आम्ही नाकारीत नाही. पुढे १९२८ च्या कायद्याने यांतील बहुतेक अपात्रता दूर झाल्या, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा विकृती या कारणांवरून वारसा नाकारण्याची वाट बंद केली. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या मार्गाने चालत आला. तेव्हा गोमंतकीय वाचक म्हणतील की, हा इतिहास आमचा नव्हे. कायद्याचा इतिहास तुमचा नसेल, पण मनाचा इतिहास तुमचा आमचा एकच आहे. कायदे बदलले तरी 'पोसू, पण वाटा देणार नाही' ही वृत्ती बदललेली नाही. महाप्रसादाच्या पंक्तीत अपंगास पान मिळते. देवस्थानच्या हजेरीपटावर त्याचे नाव चढत नाही.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. तेव्हाच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, म्हणजे खरी संख्या याहून मोठी असली पाहिजे. त्या जनगणनेत काम करणारे म्हणून नोंदले गेले ते अपंगांपैकी सुमारे ३६ टक्के. पुरुषांत ४७, तर स्त्रियांत अवघे २३. याच २०१६ च्या कायद्याने, चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांस सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क चांगलाच आहे. परंतु अठरावे वर्ष संपले की पुढे काय? बरोबरीची मुले महाविद्यालयास किंवा कामधंद्यास लागतात. हा मात्र ओसरीवर येऊन बसतो. ज्या शाळेने त्यास बारा वर्षे हात धरून उभे केले, तिचे सारे श्रम ओसरीवर वाया जातात. म्हणून आम्ही अपंगांच्या इतर शंभर प्रश्नांपैकी तरुणांच्या कामाचा हा एकच प्रश्न आज हाती घेतला आहे. पहिली नोकरी विसाव्या-बाविसाव्या वर्षी न मिळाल्यास तिसाव्या वर्षी ती कोण देणार?

सरकारी सेवेत अशांसाठी पूर्वी तीन टक्के जागा राखीव होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या किमान चार टक्के झाल्या. 'मग सरकारने पाहून घ्यावे' असे म्हणून आमचे विश्वस्त हात झटकतात. त्यांनी कायदा वाचलेला नाही. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, पेढी व कारखाना यांच्याबरोबर सहकारी संस्था, सोसायटी, न्यास आणि संघ हेही येतात. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे असे या कायद्याचे २१ वे कलम सांगते. आणि २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात की, वीस वा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनेने त्या धोरणात कोणत्या जागा अपंगांस योग्य आहेत, त्यांना कोणत्या सोयी व कोणते शिक्षण देणार, हे लिहावे आणि त्यावर देखरेख करण्यास एक अधिकारी नेमावा. ज्या देवस्थानांकडे पुजारी, वाजंत्री, कारकून, आचारी, झाडूवाले, पहारेकरी आणि अग्रशाळेचे व्यवस्थापक मिळून वीसच्या वर माणसे पगारावर आहेत, त्यांपैकी कितींच्या फळ्यावर असे धोरण लागले आहे? आम्ही ज्या देवळांत जातो तेथे जत्रेची पत्रिका पाहिली, देणगीदारांच्या याद्या पाहिल्या, पादत्राणांविषयीच्या सूचना पाहिल्या. हे धोरण मात्र पाहिले नाही.

याच कायद्यात, खाजगी क्षेत्रातील नोकरांपैकी किमान पाच टक्के अपंग असावेत यासाठी शासनाने मालकांस उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. यात सक्ती नाही. पण सक्ती नसलेले सत्कृत्य करण्यासाठीच धर्म असतो ना? विसांचे पाच टक्के म्हणजे एक. विसांत एक मनुष्य! एवढ्याने कोणाचा नंदादीप विझणार आहे?

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते आम्ही ऐकून आहोत.

पहिला आक्षेप पूर्वकर्माचा. 'त्याचे प्रारब्ध, ते आपण कसे पुसणार?' असे म्हणणाऱ्यांस आम्ही अरुणाची कथा पुन्हा वाचावयास सांगू. त्याचे व्यंग त्याच्या कर्माने आले असे आदिपर्व म्हणत नाही. दुसऱ्याच्या उतावीळपणाने आले असे म्हणते. आणि क्षणभर प्रारब्ध मानले, तरी दुसऱ्याच्या प्रारब्धाचा निवाडा करण्याचे काम विश्वस्तांकडे कोणी सोपविले? आलेला अर्ज केराच्या टोपलीत टाकणे हे तर तुमचे स्वतःचे क्रियमाण आहे. त्याचा हिशेब तुमच्याच नावे लिहिला जाईल.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. गर्भगृहातील पूजा कोणी करावी हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. परंतु पावतीच्या खिडकीस, नारळाच्या कोठारास, अग्रशाळेच्या नोंदवहीस, प्रसादाच्या पुड्या बांधण्यास, दूरध्वनी घेण्यास कोणत्या आगमाने अव्यंग देह सांगितला आहे? जेथे शास्त्राचा अडसर नाही तेथे शास्त्राचे नाव पुढे करणे हा शास्त्राचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप असा की, त्यांस काम जमत नाही. दुसऱ्याचे साहाय्य लागते. साहाय्य कोणास लागत नाही? व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, असे आपण मानतो. ज्ञानेश्वरांनी सांगितलेले सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ते ग्रंथ लेखनिकाचे आहेत असे कोणी म्हणत नाही. विदर्भातील गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ते इतरांकडून वाचून घेऊन आणि इतरांकडून लिहवून घेऊनच. कायदा जिला 'वाजवी सोय' म्हणतो ती हीच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हेच सांगितले की, अशी सोय ही मेहेरबानी नसून समानतेचा भाग आहे. ३ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशाच्या न्यायसेवेत अंध उमेदवारांस मज्जाव करणारा नियम रद्द केला. इंदूर व ग्वाल्हेर येथील आमच्या वाचकांच्या राज्यातील ही गोष्ट आहे. ज्या अंध मनुष्यास न्यायासनावर बसता येते, त्यास अभिषेकाची पावती देता येत नाही काय?

त्यातही सोयी काही अवघड नाहीत. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एन. व्ही. डी. ए. नावाची आज्ञावली फुकट मिळते. ती मराठीही वाचते. ती मुळात ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने २००६ साली रचावयास घेतली. बहिऱ्या मुलास सोबत्यांनी शेपन्नास खुणा शिकून घेतल्या तर कोठारातले वा स्वयंपाकघरातले काम अडत नाही; भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ सालीच सिद्ध झाला आहे. चाकाच्या खुर्चीसाठी फूटभर उंचीच्या जोत्यास बारा फूट लांबीची उतरण पुरते. ज्याची बुद्धी मंद आहे अशा मुलास एक काम चार टप्प्यांत पाडून, एकेक टप्पा हाताने करवून शिकवावे लागते. त्यास महिना-दोन महिने लागतील. पण एकदा बसलेले काम तो निष्ठेने करतो, हे अशा मुलांस शिकविणारा कोणताही शिक्षक सांगेल.

चौथा आक्षेप सुदृढ तरुणांच्या बेकारीचा. 'धडधाकट मुलेच घरी बसली आहेत, यांना कोठून देणार?' रांग मोठी आहे हे आम्हांसही दिसते. पण रांगेत शेवटी उभे राहणे वेगळे आणि रांगेत उभेच राहू न देणे वेगळे. विसांतल्या एकोणीस जागा धडधाकटांस आहेतच.

पाचवा आक्षेप सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत घातक. 'कशास त्यास कष्टवावे? सरकार पैसे देते, आपणही काही देऊ.' गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली अपंगांस मासिक साहाय्य मिळते. ते मिळालेच पाहिजे. परंतु त्या साहाय्याने जेवणाची सोय होईल. सकाळी उठून कोठे जावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा महारोग्यास पोसावयाचे असते हीच सर्वांची समजूत होती. बाबांनी त्यांच्या हाती कुदळ दिली. बोटे झडलेल्या माणसांनी तेथे विहिरी खणल्या, शेते पिकविली, माग चालविले, इमारती बांधल्या. दान माणसास मोडते आणि काम त्यास घडविते, ही बाबांची धारणा होती. ज्यांस एरव्ही देवळाच्या पायऱ्यांवरच जागा होती, त्यांनीच ती खरी करून दाखविली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही चमत्कार मागत नाही. आमच्या समाजाची रीत अशी की, अपंगाने सूरदास व्हावे, गुलाबराव महाराज व्हावे, म्हणजे आम्ही त्याच्या पायांवर डोके ठेवू. आमच्या कचेऱ्यांतील डोळस कारकून काय सारे बृहस्पती आहेत? पंचेचाळीस टक्के गुण मिळवून, बेरजेत दोनदा चुकून, दुपारी जांभई देणारा साधा मनुष्य जर डोळस असल्यास कामावर राहू शकतो, तर तेवढाच साधा मनुष्य अंध असल्यास का राहू नये? आणि याच न्यायाने, तो कामात चुकला तर त्यास रागे भरा. त्याने सतत कुचराई केली तर इतरांस लावता तोच नियम त्यास लावा. मात्र पगारही इतरांइतकाच द्या. 'मानधन' म्हणून निम्मे पैसे हातावर ठेवणे आणि तीन वर्षे 'शिकाऊ' म्हणून राबविणे हे आम्ही पाहिले आहे. त्यास उपकाराचे नाव देऊ नये.

मुलींविषयी तर अधिक बोलले पाहिजे. वर दिलेला २३ टक्क्यांचा आकडा वाचकांनी पुन्हा पाहावा. अपंग मुलगा निदान ओसरीवर दिसतो. अपंग मुलगी माजघरात असते, आणि पाहुणे आले की त्याहून आत. धाकट्या बहिणीचे लग्न जमण्यास अडचण होईल म्हणून थोरलीचे नावही न काढणारी घरे आमच्या परिचयाची आहेत. आईबापांच्या भीतीची आम्ही थट्टा करीत नाही. 'आमच्यामागे हिचे कसे होणार?' या विचाराने रात्र रात्र जागणारी आई कोणत्या गावी नाही? पण त्या प्रश्नाचे उत्तर मुलीस दडवून मिळत नाही. चार माणसे जिला नावाने ओळखतात, जिचे बँकेत स्वतःचे खाते आहे, जी एक दिवस आली नाही तर कोणी चौकशीस येते, तिचे आईबापांमागे काही तरी होते. फुलांच्या माळा गुंफणे, पुड्या बांधणे, ग्रंथालयातील पुस्तके नोंदणे, पावती देणे, हिशेब लिहिणे; यांतले जे तिला येते ते काम तिला द्या आणि येण्याजाण्याची सुरक्षित सोय करा.

२०२३ च्या जानेवारीत पणजीस पहिला 'पर्पल फेस्ट' भरला. देशभरातील अपंग तेथे आले, गायले, नाचले, बोलले. आमच्यापैकी पुष्कळ जण टाळ्या वाजवून, छायाचित्रे काढून परतले. उत्सवाचे आम्हांस वावडे नाही. आमचा समाजच उत्सवप्रिय आहे. परंतु टाळ्या वाजवून परतलेल्यांपैकी ज्यांची दुकाने होती, हॉटेले होती, पेढ्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या माणसांची यादी काढून पाहिली काय?

आमची मागणी मोठी नाही. वीस वा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक देवस्थानने कायद्याने सांगितलेले समान संधीचे धोरण लिहून फळ्यावर लावावे. पुढील जत्रेपूर्वी निदान एका अपंग तरुणास वा तरुणीस पूर्ण पगारावर, पक्क्या जागेवर घ्यावे, आणि त्या नेमणुकीचा समारंभ करू नये. जे महाजन स्वतः धंदेवाले आहेत त्यांनी आपल्या धंद्यातही हाच 'विसांत एक' पाळावा. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या मंडळांनी आणि मंदिरांनीही आपापला हजेरीपट या दृष्टीने एकदा तपासावा.

कूर्मदासास हात नव्हते, पाय नव्हते. तो सरपटत पंढरीस निघाला आणि लऊळ गावी थकून पडला. तेव्हा विठ्ठलाने 'पायऱ्या चढून ये, मग पाहू' असा निरोप पाठविला नाही; तो स्वतः उठून लऊळास गेला. ही कथा आमच्या कीर्तनकारांनी शेकडो वेळा सांगितली आणि आम्ही शेकडो वेळा माना डोलाविल्या. आता डोलावणे पुरे. येत्या वार्षिक सभेत, जमाखर्च मंजूर करण्यापूर्वी, प्रत्येक महाजनाने उभे राहून एकच विचारावे: 'आपल्या नोकरांत अपंग किती?' उत्तर शून्य आले तर ते इतिवृत्तात लिहवून घ्यावे. आम्ही आमच्या सभेत हा प्रश्न विचारणार आहोत. मागील वेळेसारखे गप्प बसणार नाही.